पंखा बंद असताना हललेली पट्टी

मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते. भूतखेत, बाहेरचं वगैरे मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही... पण त्या दुपारचं काय करू, ते कळत नाही.

दिंडोरीजवळ द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी आणि माझी मोठी जाऊ मंदाताई कामाला आहोत. भरलेली खोकी पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, रचून थंड खोलीत दोन रांगांत लावतात. मधल्या बोळावर ताडपत्री टाकतात आणि टोकाचा मोठा पंखा खोक्यांच्या भोकांतून गार हवा आत ओढतो. भोकांपाशी आम्ही कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. पट्टी आत ओढली गेली की समजायचं, हवा नीट चाललीय.

दार लावण्याआधी हाक मारायची पद्धत आहे. मी ओरडते, "कोण राहिलं का आत?" मंदाताई आत असली की हमखास म्हणणार, "तुझी सवत राहिली गं!" बाया खो खो हसतात, मी लाजते.

त्या दुपारी हाक मारली. उत्तर नाही. वाटलं, ताई चहाला गेली. पंखा अजून लावलेला नव्हता. दार ओढायला हात घातला आणि दाराजवळच्या पॅलेटची पट्टी हलली... एकच. बाकी सगळ्या गप्प. आणि आत नाही, बाहेर, माझ्याकडे उडत होती. कुणी आतून फुंकर मारावी तशी.

भोकापुढे तळहात धरला. हवा उबदार होती. त्या खोलीत!

मी ताडपत्री उचलली. बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला, पंख्यापाशी, मंदाताई जमिनीवर पडलेली — बेशुद्ध, ओठ निळे. ताडपत्री नीट करायला आत गेली होती.

बायांना हाका मारून तिला बाहेर उन्हात आणलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "चक्कर आली, बास. मला काय बी आठवत नाय."

सुपरवायझर म्हणाले, "अहो वहिनी, दारातून वारा आला असेल." मग पट्टी आत गेली असती ना? आणि एकच कशी हलली? मी विचारलं नाही.

ताई थट्टा करते, "तुझ्या सवतीनंच हलवली असंल!" मला हसू येत नाही. दार लावलं असतं तर...

आता ताई माझ्या शेजारी उभी असली तरी मी हाक मारते आणि एकेका भोकाला हात लावून बघते. तळहात गार पडला की मगच दार लावते. ती ऊब कुणाची होती, मला अजून माहीत नाही.