बेण्याची मोळी

काल रसवंतीच्या दारात बांधलेल्या उसाच्या पानांवर फिकट पिवळे पट्टे दिसले, आणि लढाई संपल्यानंतरचं आमचं गुऱ्हाळ आठवलं.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. थोरले दीर पलटणीतून परतले होते. रस उकळायची काहील अर्धीच भरलेली पाहून ते फडात गेले आणि एक ऊस मोडून मामंजींपुढे घेऊन आले.

"आबा, ह्यो ऊस हाय का जोंधळ्याचं ताट? मी गेलो तवा मनगटाएवढा व्हता."

ऊस दरसाल बारीक होत गेला, हे रोज पाहणाऱ्या घरच्यांना कळलंच नव्हतं.

मामंजी नेहमीप्रमाणे जाड ऊस चरकाकडे सारत होते आणि पट्टेरी पानांचे बारीक ऊस पुढच्या लावणीच्या बेण्यासाठी वेगळे काढत होते. "रस जाडात आसतो रं. लावायला बारीक बी चालतंय."

ते पट्टे म्हणजे रोग, आणि तो बेण्यातूनच पुढच्या पिकात उतरतो, हे मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. तेव्हा आम्ही त्याला काटकसर म्हणत होतो.

उकळत्या रसाच्या वासात मामंजींनी त्याच बारीक उसाची एक मोळी स्वतः बांधली आणि गाडीत ठेवली.

"सूनबाई, ही तुज्या म्हायेरी, रहिमतपूरला. त्यांच्या रानात बी आपला ऊस हू दे."

मला फार बरं वाटलं होतं.