शेंदराखालचा क्रमांक

नोकरीतली बरीच प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. एका चोरीतला आरोपी मी बोलता बोलता भलत्याच गुन्ह्यात घालतो. पण एक गाडी, तिच्या चाकाजवळचा शेंदूर आणि तो पुसायला वाकलेली एक बाई अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. ते प्रकरण सांगायला लागलो की माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, रक्तदाब तपासून घ्या. मी म्हणतो, हे ऐकून ज्याचा चढत नाही, त्याचा तपासा.

निवृत्तीच्या थोडे आधी मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. एके सकाळी हजेरी आटोपून मी केबिनकडे वळलो, तेव्हा ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे साठीचे एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी उभी होती. अंमलदार त्यांना समजावत होता.

"काका, जुनी गाडी घेतली, ती बिघडली. यात पोलीस काय करणार? ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. आणि खरं सांगू का, या वयात मोटरहोमची हौस कशाला करायची?"

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "हवालदारसाहेब, हौस नका लिहू. संडास लिहा."

मी बाहेर डोकावलो. पायऱ्यांखाली व्हीलचेअरवर तिशीची एक मुलगी बसली होती. कपाळावर टाके, हाताला पट्टी. आमच्या ठाण्याला पायऱ्या होत्या, उतार नव्हता. ज्या माणसावर अन्याय झाला त्याला आत यायला वाट नाही, असे ते सरकारी दार! मी खुर्च्या बाहेर मांडायला लावल्या आणि जबाब अंगणातच घेतला.

वडील मूळचे विंचूरचे. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. मुलीचा काही वर्षांपूर्वी अपघात झाला आणि कमरेखालचे अंग गेले. ती घरी बसून कंपन्यांचे हिशेब सांभाळत होती, स्वतःच्या पायावर नाही तरी स्वतःच्या कमाईवर उभी होती.

"साहेब, मला समुद्र बघायचाय," ती म्हणाली. "एवढंच. नाशिकपासून तो काही चंद्रावर नाही. पण वाटेत एका ढाब्यावर, एका हॉटेलात माझी खुर्ची आत जाईल असा संडास दाखवा. कुठंही जायचं म्हटलं की मी आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद करते. लग्नाला गेले तरी. दवाखान्यात गेले तरी. म्हणून आम्हाला ती गाडी हवी होती."

मोटरहोम म्हणजे काय, हे तिने अंमलदाराला पुन्हा नीट सांगितले. डिझेलची मोठी व्हॅन. तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि संडास. मागे उतार, म्हणजे खुर्ची थेट आत. नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली.

आणि वडिलांनी ती डोळे मिटून घेतली नव्हती. कित्येक महिने ते तयारी करत होते. जुने डिझेल इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचे, कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. धूर निळा निघतो की काळा, हे बघायचे. सांगाड्याच्या पट्ट्या खालून हात फिरवून बघायच्या, गंज रंगाखाली दडतो. छताच्या कोपऱ्यांत ओल आहे का, गॅसची नळी कुठून नेली आहे, आणि सांगाड्यावर कोरलेला चेसिसचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे सगळे त्यांना पाठ होते.

"मग?" मी विचारले.

गृहस्थ खाली बघत राहिले. "साहेब, आम्ही गेलो तर गाडीची पूजा मांडलेली."

विक्रेत्याचे शहराबाहेर जुन्या गाड्यांचे आवार होते. ठरलेल्या दिवशी हे तिघे तिथे पोचले, तेव्हा गाडीला झेंडूचा हार होता, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक होते, चाकांखाली लिंबे होती. पंचवटीतले गुरुजी मंत्र म्हणत होते. इंजिन सुरूच होते. विक्रेता म्हणाला, पूजेच्या गाडीचं इंजिन बंद करायचं नसतं. मुलीला त्याने आधीच उतारावरून आत नेऊन खिडकीपाशी बसवले. वडील बॉनेटकडे वळले, तसा तो हात जोडून आडवा आला. "दादा, स्वस्तिक मोडेल. लक्ष्मी आलीय घरात, तिला काय तपासायचं?"

"मी तरी म्हटलं, बघू द्या जरा," वडील म्हणाले. "तर ही म्हणली, अहो, पूजेत खोडा नको. पोरगी खिडकीत बसून हसत होती, साहेब. लय दिवसांनी. मग माझ्याच्यानं नाय बोलवलं काही."

पत्नी पदराने डोळे टिपत होती.

पुढचे त्यांनी थोडक्यात सांगितले. गाडी समुद्राकडे निघाली आणि कसारा घाटात उतरताना ब्रेक निकामी झाले. वडिलांनी प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या बाजूला घासवत थांबवली. मागून वायर जळाल्याचा धूर येऊ लागला. उताराचे दार उघडेना, कारण सांगाडाच पिळवटला होता. मुलगी पलंगाला पट्ट्यांनी बांधलेली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी काच फोडून तिला बाहेर ओढले. हे टाके त्या काचेचे होते.

मी अंमलदाराला म्हणालो, "बिघडलेल्या गाडीची तक्रार आहे ही? लिही. फिर्याद म्हणून लिही."

गुन्हा दाखल झाला. गाडी घाटातून ओढून आणून ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून लावली. दोन पंच बोलावून पंचनामा झाला. विक्रेत्याला नोटीस देऊन जबाबाला बोलावले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर घरगुती हसू. तो आल्या आल्या माझ्या टेबलावर प्रसादाचा पुडा ठेवू लागला. मी तो उचलायला लावला.

"साहेब, जुनी गाडी जशी आहे तशी विकली जाते. त्यांनी सही केलीय. घाटात गाडी चालवता येत नाही, त्याला मी काय करू? आणि मी तर पूजा करून दिली. आजच्या जगात कोण करतं?"

"दोष माहीत होते?"

"माझा विश्वास देवावर. इंजिनातलं मला काय कळतं?"

तासाभराच्या विचारपुशीत तो एकदाही अडखळला नाही. अशी माणसे मी खूप पाहिली आहेत. चोर घाबरतो, खुनी रडतो. पण ज्याने समोरच्याच्या भक्तीचा धंदा केला आहे, तो अगदी शांत असतो, कारण आपल्यावर बोट ठेवणारा आधी पापाला भिईल हे त्याला ठाऊक असते. कागद व्यवस्थित होते. वरिष्ठांचा फोन आला, कशाला दिवाणी भांडणात वेळ घालवता? त्या दिवशी त्याला सोडावे लागले. जाताना त्याने अंगणात ताटकळत बसलेल्या मुलीच्या खुर्चीपाशी थांबून आशीर्वाद देण्यासाठी हात वर केला. तिने खुर्ची फिरवली.

खबर आली ती मला अपेक्षा नव्हती अशा माणसाकडून. पूजा सांगणारे तेच गुरुजी स्कूटरवरून ठाण्यात आले. घाटातली हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. बसायला सांगितले तरी बसेनात.

"साहेब, गाड्यांच्या पूजेवर माझं घर चालतं. खोटं बोलत नाही. हार, नारळ, स्वस्तिक, सगळं मी बाहेरून करतो. पण याच्या आवारातल्या काही गाड्यांना पुढच्या चाकाच्या आत आधीच शेंदूर लावलेला असतो. तेलात कालवून, चांगला जाड. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाला, गुरुजी, तुम्ही बाहेरचं बघा." गुरुजींचा आवाज रागाने चढला. "अहो, तिथं शेंदूर लावायचं कुठल्या शास्त्रात आहे? चाकाच्या वंगणात देव बसतो का? उद्या परत बोलावलंय मला. आणखी एक कुटुंब येतंय."

मी पंचनाम्याचा कागद काढला. चेसिस क्रमांकापुढे आमच्या हवालदाराने लिहिले होते, 'कागदपत्रांप्रमाणे'. मी त्याला बोलावले.

"क्रमांक डोळ्यांनी पाहिलास?"

"साहेब, त्यावर शेंदूर होता."

"मग?"

"मग... नमस्कार केला आणि कागदावरून उतरवला."

दोन्ही पंचांनीही नमस्कार केला होता! वाचकहो, हसू नका. आपल्यातल्या किती जणांनी तो खरवडला असता?

उद्या दुसरे कुटुंब जाणार होते, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. विक्रेत्याला त्याच दुपारी पुन्हा बोलावले, त्या तिघांनाही बोलावले आणि पंचांसमक्ष सगळे आवारातल्या गाडीपाशी गेलो. मी वाकून पाहिले. पुढच्या चाकाच्या आत, सांगाड्याच्या पट्टीवर, शेंदराचा थर देवळातल्या दगडावर असतो तसा बसला होता.

"हा कोणी लावला?"

"मीच, साहेब. श्रद्धा आहे," विक्रेता म्हणाला. पण या वेळी उत्तर जरा लवकर आले.

मी रॉकेलचा बोळा हवालदारापुढे धरला. त्याने हात मागे घेतले. "साहेब, दुसरं काहीही सांगा. घरी लेकरंबाळं आहेत." पंच एकमेकांकडे बघू लागले. मी स्वतः बाह्या सरसावल्या, तोच मुलीची आई पुढे आली. इतके दिवस ती बाई माझ्यापुढे एक शब्द बोलली नव्हती.

"द्या इकडं."

विक्रेता ओरडला, "काकू, शेंदूर आहे तो! पाप लागेल! मुलीचा तरी विचार करा!"

ती थांबली. वळून त्याच्याकडे बघत म्हणाली, "मुलीचाच करतेय. त्या दिवशी मी ह्यांना अडवलं, देवाचं म्हणून. माझी लेक आत बांधलेली होती आणि दार उघडत नव्हतं, तेव्हा हा तुझा शेंदूर कुठं होता? हे देवाचं नाही. हे तुझं आहे."

पदर कमरेला खोचून ती चाकापाशी बसली आणि पुसू लागली. लाल ओघळ तिच्या कोपरापर्यंत आले. थराखालून एकेक अक्षर वर येत गेले. वडिलांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले. मी कागद धरला होता. पहिल्या काही अक्षरांनंतर एकही जुळत नव्हते.

त्याने क्रमांक घासून काढायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. आपल्या जोडलेल्या हातांवर त्याचा एवढा भरवसा होता.

मुलगी खुर्चीतून म्हणाली, "काय हो, लक्ष्मी तपासली. आता बोला."

मग मात्र सगळी हकिगत बाहेर आली. मूळ गाडी अपघातात चेसिस वाकलेली रुग्णवाहिका होती, फक्त मोडीत काढण्यासाठी विकलेली. त्याने ती उचलली, वरून रंग दिला, आत पलंग आणि ओटा बसवला आणि दुसऱ्याच एका व्हॅनचे कागद तिला लावले. कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतात तो ठसा त्या दुसऱ्या व्हॅनवरून घेतलेला होता. आवारावर छापा घातला, तेव्हा तसाच शेंदूर लावलेल्या आणखी गाड्या मिळाल्या. एकीला दुसऱ्या दिवशीचा हार आधीच घातला होता. फसवणूक आणि बनावट कागदपत्रांची कलमे लागली, जीव धोक्यात घातल्याचे कलम मी हट्टाने लावले. दोषारोपपत्र गेले. खटल्याच्या तारखा माझ्या निवृत्तीनंतरही पडत राहिल्या. तो जामिनावर बाहेर आहे आणि आजही कपाळाला गंध लावून हिंडतो.

या प्रकरणाने मला काय शिकवले? श्रद्धेवर माझा राग नाही. मीही देवाला हात जोडतो. राग आहे तो भोळ्या माणसाचे जोडलेले हात बांधलेले हात समजणाऱ्यावर. आणि त्याहून जास्त राग आहे तो आपल्यावर, तुमच्या-माझ्यावर. खुर्चीवरच्या मुलीला समुद्र बघायचा असेल तर त्याला हौस म्हणणाऱ्या प्रत्येकावर. धडधाकट माणूस हमरस्त्यावर कुठेही गाडी थांबवतो, त्याला कोणी हौशी म्हणत नाही. ठगाने तिला एकदा फसवले. रस्त्यातला प्रत्येक अरुंद दरवाजा तिला रोज फसवतो, आणि त्यावर फिर्याद घेणारे ठाणे कुठे आहे?

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. दुसरी गाडी बघितली होती, एका जोडप्याने स्वतःसाठी वापरलेली. मलाही यायचा आग्रह होता. सकाळी सकाळी आम्ही न कळवताच गेलो. विकणारी भली माणसे, त्यांनी नारळ आणि हार काढायला सुरुवात केली. आई म्हणाली, "ताई, ते सगळं नंतर. आधी बॉनेट."

मुलीने खुर्ची पुढे घेतली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. "थंड आहे, बाबा." वडिलांनी किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात लागले, धूर क्षणभर आला आणि विरला. मग ते अंगावर जुने कपडे चढवून गाडीखाली गेले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. चेसिसचा क्रमांक आईने स्वतः वाचला, बोट ठेवून, दोनदा. सगळे जुळल्यावर तिने पिशवीतून स्वतःचे कुंकू काढले आणि स्टिअरिंगवर एकच बोट टेकवले.

ते तिघे समुद्राकडे निघाले त्या सकाळी मी निरोप द्यायला गेलो होतो. उतार खाली आला, खुर्ची आत गेली. वडिलांनी पट्ट्या दोनदा ओढून पाहिल्या. गाडी सुरू झाली तशी मुलीने खिडकीतून हाक मारली, "आई, पाणी दे ना."

आईने तांब्या दिला. ती सगळ्यांसमोर तो पुरा प्यायली, आणि रिकामा करून तो परत पुढे केला. "आणखी."