मी कैदेत ठेवलेला भाऊ

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा आमच्या तापीकाठच्या गावात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच होतो. लोकांना त्याचं भारी कौतुक. मला मात्र त्या इंग्रजीचा तोवर पुरता वीट आला होता, कारण त्याच्या जोरावर मी घरात एक मोठं पाप करून बसलो होतो.

माझा थोरला भाऊ लढाईच्या दुसऱ्या वर्षी तळोद्याच्या बाजाराला म्हणून गेला आणि फौजेत भरती होऊनच परतला. वडील आधीच गेलेले. शेती काकांच्या हाती, आणि काकांचं नि त्याचं कधी पटलं नाही. त्याला मलायात धाडलं. तिकडून दोन पत्रं आली, मग सिंगापूर पडल्याची बातमी आली, आणि त्यानंतर सगळं गप्प झालं.

दिवाळीच्या तोंडावर पोस्टमनने सरकारी लखोटा आणून दिला. मी नंदुरबारच्या शाळेतून सुट्टीला घरी आलो होतो. माय भाकरी टाकायची सोडून पिठाच्या हातांनी दारात आली. कागदात चारच ओळी होत्या. भाऊ बेपत्ता आहे आणि तो मारला गेला असावा असं समजण्यात येत आहे, एवढंच. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. मायने विचारलं, "काय लिखेल शे?"

माझ्या तोंडून निघालं, "कैदमा शे. जपानना कैदमा."

हे मी का बोललो, ते आजही मला धड सांगता येत नाही. तिच्यावर दया आली म्हणावं, तर तेवढंच खरं नाही. खरं सांगितल्यावर जो आकांत होईल, तो मला बघायचा नव्हता. शाळेत वर्तमानपत्रांतून कैद्यांच्या बातम्या वाचल्या होत्या, तोच शब्द हाताशी आला. म्हटलं दिवाळी होऊ दे, मग सांगू. दिवाळी झाली. म्हटलं परीक्षा होऊ दे. तोवर माय पुन्हा पोटभर जेवायला लागली होती. कैदेत का होईना, दोन वेळा खायला तर घालत असतील, असं ती शेजारणींना सांगायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

निकालानंतर माझ्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं. कॉलेज म्हणजे दूरची गोष्ट. शेतात काकांचे दोन मुलगे राबत होते, तिसऱ्याला तिथे काम नव्हतं. मॅट्रिक झालेल्याला फौजेत कारकुनी मिळते, बंदूक धरावी लागत नाही, असं आमचे एक मास्तर म्हणत. श्रावणात नंदुरबारला भरतीचा तंबू लागणार अशी दवंडी आली. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर मोह पडला. बूट, खाकी कपडे, आगगाडी, या गावातून सुटका. पण रात्रंदिवस तो कागद माझ्या ट्रंकेत होता. फौजेत गेलेल्याचं काय होतं हे गावात मला एकट्यालाच माहीत होतं, आणि माझी छाती होत नव्हती.

शाळासोबती विचारत तेव्हा माझ्याकडे चांगलं कारण तयार होतं. आदल्याच वर्षी नंदुरबारात सरकारच्या गोळीने आमच्यासारखी शाळेत जाणारी पोरं मेली होती. त्या सरकारची चाकरी कोण करणार, असं मी तावातावाने म्हणे. ते खोटं नव्हतं. पण माझं कारण ते नव्हतं. त्या पोरांच्या आड मी लपलो, याची मला अजून लाज वाटते.

मला वाटलं होतं, माय मला जाऊच देणार नाही. एक पोरगा गमावलेली बाई दुसऱ्याला कशी धाडेल? पण हा हिशेब मी माझ्या माहितीवर केला होता. तिच्या लेखी तिने कुणाला गमावलंच नव्हतं. दवंडी ऐकली त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "तू जाय. तुले इंग्रजी येस. साहेबले इचार, मन्हा आंडोर कोठे शे. त्याले लई ये." साहेबाला विचारून तिच्या थोरल्या पोराला मी घरी घेऊन यायचं होतं.

काका ओरडले, "वहिनी, येडी व्हयनी का? एक गया तेवढा पुरे शे."

"तो गयेल नही शे, कैदमा शे," ती म्हणाली. "सख्खा भाऊ नही जावाव ते कोण जाई?"

दुसऱ्या दिवसापासून ती गाठोडं बांधायला लागली. माझं नव्हे, त्याचं. त्याच्यासाठी नवीन धोतर, शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याचा तुकडा. तो सापडला की आधी हे खाऊ घाल, मग बाकीचं विचार, असं मला बजावलं. मी हो म्हणत गेलो. रोज सकाळी उठून ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज टाळायचो. एकदा तर वाटलं, जावं सरळ भरतीला, म्हणजे सांगावं लागणार नाही. पण ते धोतर काखेत मारून मी कुठल्या मुलखात मेलेल्या माणसाला शोधणार होतो?

तंबू लागायच्या दोन दिवस आधी आमच्याकडे कानबाई देवीचे रोट होते. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते एकत्र दळतात आणि त्या पिठाचे रोट करून देवीला दाखवतात. तो प्रसाद घरच्यांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही आणि उरूही द्यायचा नाही. माय दुपारी सूप घेऊन बसली. काकांची मूठ घेतली, त्यांच्या दोन्ही मुलग्यांची घेतली. मग भावाची घेताना तिने मूठ अशी गच्च भरली की गहू बोटांतून सांडले. म्हणाली, "उपाशी व्हई तो."

तेव्हा मी बोललो. "माय, तो कैदमा नही शे. मी खोटं सांगेल व्हतं. तो गया. कागदमा तसंच लिखेल शे."

मी ट्रंकेतून कागद आणून तिच्यापुढे धरला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर दुःखाची नव्हती. तिला माझी किळस आली होती.

"तुले जानं नही शे ते तसं सांग ना," ती म्हणाली. "भाऊले कसाले मारस?"

मी शपथा घेतल्या. नंदुरबारच्या मास्तरांकडून वाचून घेऊ म्हणालो. ती म्हणाली, कागद कोणालाच दाखवायचा नाही. काका खाली मान घालून बसले. त्यांना पटलं असावं, पण माझी बाजू त्यांनी घेतली नाही. आणि मी तरी कोणत्या तोंडाने चिडणार? भीती वाटली नसती, तर मी तेव्हाही खरं बोललो नसतो. मला माझा जीव वाचवायचा होता म्हणूनच मी सांगितलं, आणि तेवढं तिने बरोबर ओळखलं.

मग तिने माझ्या नावाची मूठ घेतली. नेहमीएवढीच.

मी भरतीला गेलो नाही. पुढे तालुक्याच्या कचेरीत चिकटलो. लढाई संपली, आसपासच्या गावांतले एक-दोघे खरोखरच कैदेतून परत आले, आणि तिचा विश्वास आणखी पक्का झाला. घरी आलेल्या बायकांना ती सांगे की थोरला अजून कैदेत आहे, धाकट्याला आणायला जा म्हटलं तर तो भ्याला. माझ्यासमोरच सांगे.

ती जिवंत होती तोवर दर श्रावणात त्याच्या नावाची मूठ घेतली गेली. त्याच्या वाट्याचा रोट ती माझ्या ताटात वाढायची आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहायची.