आर्गॅसिडी सर

आमच्या बोरिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांसमोर कुणी नुसतं ‘गोचीड’ म्हटलं, की त्यांचा चेहरा कारलं चावल्यासारखा व्हायचा. “गोचीड म्हणजे कोण? आडनाव सांग!” आडनाव म्हणजे कुळाचं शास्त्रीय नाव. पाठीवर टणक ढाल नसलेल्या मऊ गोचिडांचं कुळ आर्गॅसिडी. “आर्गस ही प्रजाती, शेवटचं इडी म्हणजे तिचं कुळ. नाव म्हणजे पत्ता रे, पत्ता!” हे इतक्यांदा ऐकलं की आम्ही त्यांनाच आर्गॅसिडी सर म्हणू लागलो.

पाठांतरवाल्या हुशार मुलांचा त्यांना तिटकारा. मी त्यांतलाच. “तुझं डोकं अगदी नवं आहे. वापरलेलंच नाही,” असं ते भर वर्गात म्हणत. मला ते अतिशय खडूस वाटायचे आणि होतेही.

पुढे मनोरीच्या रोझीमावशीच्या कोंबड्या एकेक करून माना टाकू लागल्या. ही आईची मैत्रीण. अंडी विकून तिचं घर चालायचं. बीएस्सी झालेला म्हणून तिने मला बोलावलं. भर दुपारी मी पिसं न् पिसं तपासली आणि ऐटीत सांगितलं, “गोचीड नाही, मावशी. टॉनिक द्या.” आठवड्यात आणखी अकरा मेल्या.

“शिकलेला ना तू? मग माझ्या कोंबड्या का मरतात रे?” मावशी फोनवर रडत होती. मुकाट्याने सरांकडे गेलो.

मनोरीच्या बोटीसाठी मार्वेच्या जेटीवर आलो, तिथपासून सर मला सोलत आले. कोंबड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खुराड्याच्या फळीच्या फटीत चाकू घातला, तशा चपट्या करड्या गोचिडी भराभर खाली पडल्या. “आर्गॅसिडी! रात्री कोंबडीचं रक्त पितात, दिवसा फटीत लपतात. आणि हा शहाणा दुपारी पिसं विंचरतोय!” खुराडं जाळलं. उरलेल्या सात कोंबड्या जगल्या.

परतताना बोटीत मी आणखी शिव्यांची वाट पाहत होतो. सरांनी चाकू पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, “आर्गसच्या आकृतीला मी तुला दहापैकी दहा दिले होते. मग गाढव कोण रे?” मला फार लाज वाटली.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत एकजात सगळे त्यांचे विद्यार्थी ‘महान’, ‘ऋषितुल्य’ असं काहीबाही बडबडले. मीही बडबडलो. मनोरीहून आलेली मावशी मागच्या खुर्चीवरून वाकून हळूच म्हणाली, “त्या गोचिडी आर्गॅसिडीच ना रे? चर्चातल्या मिस्सावरून आले की दर रविवारी नव्या खुराड्याच्या फटी बघते मी.”

सरांच्या विषयात पास झालेली त्या हॉलमध्ये ती एकटीच होती.