बर्फ काढलेल्या रिंकवरचा नाताळ

किस्से साठतात कसे, हे टोरोंटोत राहणाऱ्याला सांगायला नको. आपण सकाळी कंबर मोडून ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने काढावं, चहा घ्यायला आत यावं, तेवढ्यात बर्फ लोटणारा सिटीचा प्लाव येतो आणि रस्त्यावरचा सगळा ढीग आपल्याच दारात लोटून जातो. आमच्या एटोबिकोच्या मराठी मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेचं, तसंच आहे. एक किस्सा सांगून हात झटकावे, तर दुसरा दारात हजर!

आम्ही बहुतेक वसईकडचे कॅथलिक, थोडे ठाण्याचे. मी एअरपोर्टवर चेक-इन काउंटरला असते आणि रविवारी क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवते. आमचे फादर बेनीही वसईचेच. माणूस सोन्यासारखा, पण उत्साह इतका, की फ्युनरललासुद्धा त्यांना जरा आवरावं लागतं. तर गेल्या नाताळातले हे किस्से.

* * *

चर्चचं छप्पर गळायला लागलं होतं. इंजिनिअर आले, वर बघून मान हलवली आणि चर्चला कुलूप लागलं. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी फादर बेनींनी बदलावर उपदेश केला. "बदलाला घाबरू नका! अब्राहाम घर सोडून निघाला, तेव्हा त्याला पत्ता तरी माहीत होता का?"

मागून लुसी आंटी म्हणाली, "आम्हाला तरी सांगा पत्ता."

लुसी आंटी म्हणजे आमच्या क्वायरची मुख्य. तिचा आवाज गोड आणि जीभ तिखट.

फादर घसा खाकरून म्हणाले, "हॉकी रिंक."

फादरनी घाईघाईने खुलासा केला. बर्फावर हॉकी खेळतात त्या रिंकचं बर्फ गोठवायचं मशीन बिघडलंय, बर्फ काढलंय, खाली नुसतं काँक्रीट आहे आणि रिंकवाल्यांनी मोठ्या मनाने जागा दिली आहे.

तेव्हा सायमन अंकल उभे राहिले. वसईत नाताळचा गोठा बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि इथेही दरवर्षी चर्चचा गोठा तेच बांधायचे. ते म्हणाले, "फादर, तुम्ही अब्राहाम व्हा. मी घरीच बसतो."

मग फादरनी खरी गोष्ट सांगितली. बिशपांच्या ऑफिसातले मोठे फादर, म्हणजे मॉन्सिन्योर, नाताळच्या मिस्साला येणार होते. लोक आले तर मराठी मिस्सा चालू राहणार, नाही आले तर आम्हाला इंग्लिश मिस्सात मिसळून टाकणार.

"हे आमच्या स्वर्गातील बापा" मोठ्याने म्हणायला मला आठवड्यातून ही एकच जागा मिळते. घरी मुलगी इंग्लिशमध्ये उत्तर देते, कामावर तर बोलायलाच नको. ही मिस्सा गेली तर मी देवाशीसुद्धा काउंटरवरच्या भाषेत बोलणार की काय?

* * *

रिंकवरचा पहिला रविवार. खेळाडूंची बसायची दोन बाकं होती. एकावर लिहिलं होतं 'होम', दुसऱ्यावर 'व्हिजिटर्स'.

व्हिजिटर्सवर कोणी बसेना!

"आम्ही सिटिझन आहोत," एक काका म्हणाले. "पाहुणे म्हणून कशाला बसू?" दुसरे म्हणाले, "आमच्या घराचं लोन पेड ऑफ आहे!" झालं, सगळी मंडळी होमच्या बाकावर दाटीवाटीने बसली. म्हातारी माणसं नातवंडांच्या मांडीवर बसायच्या बेतात आली. समोरचं बाक मोकळं.

फादर म्हणाले, "प्रभूच्या घरी आपण सगळेच पाहुणे!" आणि उदाहरण घालून द्यायला स्वतः जाऊन व्हिजिटर्सच्या बाकावर बसले.

पुढच्या रविवारी मी पोचले, तर सगळे व्हिजिटर्सच्या बाकावर एकमेकांच्या अंगावर, आणि होम ओस पडलेलं. मी लुसी आंटीला विचारलं, "हे काय?"

ती म्हणाली, "फादर बसतात ते व्हीआयपी बाक, हे आधी कोणी बोललंच नाही!"

* * *

नाताळाआधीच्या आगमनकाळात फादरकडे पापनिवेदन आलंच. आता रिंकवर पापनिवेदनाला जागा कुठली? फादरनी सगळीकडे फिरून बघितलं आणि खूष होऊन जाहीर केलं, "पेनल्टी बॉक्स!"

हॉकीत खेळाडूने धसमुसळेपणा केला, की त्याला ज्या काचेच्या पेटीत बसवतात, ती. आतला आवाज बाहेर येत नव्हता. फादरना ती देवानेच तयार ठेवल्यासारखी वाटली. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. काचेतून सगळं दिसतं!

बाहेर अख्खी लाइन बघत उभी. कोण किती वेळ बसलं, कोणाचं ऐकून फादरनी कपाळाला हात लावला, कोण हसत बाहेर आलं. माझा नवरा विल्सन आत गेला. एरवी घरात दोन शब्द न बोलणारा माणूस, आत धबधब्यासारखा बोलत सुटला. मधेच त्याने दोन्ही हात पसरून फादरना काहीतरी एवढं मोठं दाखवलं. फादरचे डोळे विस्फारले.

ते काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं, तर म्हणतो, "ते देवाच्या आणि माझ्यामधलं आहे."

पुढच्या आठवड्यात काचेवर चादर लागली आणि लाइन निम्म्यावर आली. अर्धे लोक पाप सांगायला नव्हे, दुसऱ्याचं बघायला येत होते!

* * *

फादरचा उपदेश लांबतो, हे वसईतसुद्धा प्रसिद्ध होतं. त्यात रिंकवर त्यांना बदलाचा विषय मिळाला. एका रविवारी अब्राहामवरून मोशे, मोशेवरून योना, आणि योना तर माशाच्या पोटातून बाहेरच येईना. लहान मुलं गोलपोस्टच्या जाळीत झोपून गेली.

लुसी आंटीने विल्सनला कोपर मारलं. स्कोअरबोर्डचं बटण त्याच्या बाजूला होतं. त्याने फादरच्या डोक्यावरच्या घड्याळात वेळ लावून दिली. लाल आकडे उलटे पळायला लागले. फादरना ते दिसत नव्हते, पण मंडळी एकदम जागी झाली. सगळ्यांचे डोळे वर! फादरना वाटलं, आज शब्द काळजाला भिडतायत. त्यांनी आवाज चढवला.

शेवटचे आकडे तर लोक ओठांनी मोजत होते. आणि योना किनाऱ्याला लागणार, इतक्यात भोंगा वाजला! तो हॉकीचा भोंगा. मेलेला माणूस उठून बसेल असा.

फादरनी वळून घड्याळ बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. विल्सनने खाली बुटाची नाडी बांधायला घेतली. फादर शांतपणे बाही सावरून म्हणाले, "ओव्हरटाइम!"

* * *

नाताळची मिडनाइट मिस्सा संध्याकाळी सहाला ठरली. रिंक त्यानंतर बंद होणार होतं. लोकांत कुरकुर सुरू झाली. सहा वाजता कसली मिडनाइट?

फादर म्हणाले, "आपले सहा वाजतात, तेव्हा रोममध्ये बरोबर रात्रीचे बारा वाजतात. पोपमहाशयांच्या घड्याळाने आपणच करेक्ट!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी लुसी आंटी सोडून. "तेव्हा वसईत पहाटेचे साडेचार, फादर. मग आम्ही इंड्याल खायचं ते कोणाच्या घड्याळाने?"

इंड्याल म्हणजे आमचं नाताळचं आंबट-तिखट डुकराचं मटण. त्याच्या बाबतीत आम्ही रोमचंही ऐकत नाही.

* * *

इकडे सायमन अंकल आपल्या शब्दाला जागून घरीच बसले होते. गोठा कोण बांधणार? फादर त्यांना समजवायला गेले, सोबत मलाही नेलं. बघतो तर काय, अंकलच्या बेसमेंटमध्ये दिवे लावून ट्रेच्या ट्रे हिरवेगार! गोठ्यात बाळ येशूभोवती खरं गवत हवं, म्हणून आमच्याकडे आधीपासून नाचणी पेरून ठेवतात. अंकलनी सवयीने पेरली होती.

"गवत न्या," ते म्हणाले. "गवताचा काय दोष? मी येणार नाही."

आम्ही ट्रेवर प्लॅस्टिक झाकून गाडीत भरत होतो. शेजारचा गोरा दारात येऊन उभा राहिला. बेसमेंटच्या खिडकीतला तो दिव्यांचा उजेड बरेच दिवस त्याच्या नजरेत असावा. इथे घरात गांजाची चारच झाडं लावायला परवानगी आहे, हे त्याने हळूच सुचवलं.

अंकल भडकले. "इट इज नॉट दॅट! इट इज फॉर गॉड!"

शेजारी समजूतदारपणे म्हणाला, "दॅट्स व्हॉट माय ब्रदर-इन-लॉ सेज."

तेवढ्यात फादर बेनी गळ्यातल्या पांढऱ्या कॉलरसकट आतून शेवटचा ट्रे घेऊन आले आणि त्याला म्हणाले, "मेरी ख्रिसमस! वुड यू लाइक सम?"

* * *

गोठा शेवटी आम्हीच बांधला, गोलपोस्टच्या जाळीत. मागे जाळी, वर लाल खांब, पुढे हिरवी नाचणी. माझ्या मुलीने मान तिरकी करून बघितलं. "सो बेबी जीझस इज द गोलकीपर?"

मी म्हटलं, "असं म्हणू नये."

"नो मॉम, इट्स गुड. ही सेव्ज." यावर फादरनी तिला मिठीच मारली. पुढच्या उपदेशात ते वाक्य येणार, हे मला तेव्हाच कळलं.

* * *

आणि आता नाताळची संध्याकाळ.

दुपारपासून बर्फ पडत होतं. मॉन्सिन्योर येणार, मिस्साचं भवितव्य आज ठरणार, म्हणून मला सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. नवी साडी, त्यावर जाडजूड जॅकेट, पायात बूट, मांडीवर नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. विल्सन गाडी चालवत होता. रस्त्यात लुसी आंटीची गाडी दिसली, तिच्या मागे लागलो. आमच्या मागे आणखी कोणी लागलं. सगळे एका ओळीत निघालेले बघून मला भरून आलं. म्हटलं, एवढ्या बर्फात आपली माणसं निघाली! मराठी मिस्सा कोणाच्या बापाला बंद करता यायची नाही.

पार्किंग लॉट फुल होता. पायऱ्यांवर ही गर्दी! लाल साड्या, सूट, टोप्या, डबे, उशीत गुंडाळलेली गरम पातेली. कधी न दिसणारी माणसं दिसत होती. लांब हॅमिल्टनहून कोणी आलं होतं. दार बंद होतं, आत अंधार होता. मला वाटलं, मिडनाइटचा इफेक्ट देण्यासाठी दिवे बंद ठेवलेत. कोणीतरी नाताळगीत सुरू केलं आणि आम्ही बर्फात उभ्याउभ्या गायला लागलो. काय आवाज लागला होता त्या दिवशी!

तेवढ्यात फादर बेनींची गाडी आली. फादर खांद्यावर झग्याची बॅग टाकून उतरले. ती गर्दी बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पायऱ्या चढून ते आमच्याकडे वळले. "बघा! मी म्हणत होतो ना! इतके आठवडे आपण बदलाला तोंड दिलं. जुनं सोडलं, नवं स्वीकारलं. आज मॉन्सिन्योर येऊन बघू देत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फादर दाराकडे वळले आणि किल्लीसाठी खिसे चाचपायला लागले. हा खिसा, तो खिसा, बॅग, परत पहिला खिसा. मग त्यांचे हात थांबले. हळूहळू मान वर करून त्यांनी दाराकडे बघितलं. दारावर इंजिनिअरांनी लावलेली पाटी होती. 'बंद. आत येऊ नये.'

आम्ही जुन्या चर्चच्या पायऱ्यांवर उभे होतो! सगळेच्या सगळे.

बर्फ पडत होतं. लुसी आंटी ती पाटी परत परत वाचत राहिली. इतके रविवार आम्ही न चुकता रिंकवर गेलो होतो, पण आज नाताळ होता. नाताळला पाय आपोआप इकडे वळले, आणि प्रत्येक जण पुढच्याच्या भरवशावर आला.

"सहा वाजून गेले," फादर कसेबसे म्हणाले. "मॉन्सिन्योर रिंकवर असतील. रिकाम्या रिंकवर." असा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

तेव्हाच त्यांचा फोन वाजला. हातमोजा काढता येईना, म्हणून मीच स्पीकरवर टाकला. सायमन अंकल!

"फादर, मी रिंकवर आहे. गैरसमज नको, मी येणार नाही म्हणजे नाही. कोणी बघायच्या आत मागे बसून जाणार होतो. पण इथे मी आणि तुमचे मॉन्सिन्योर, दोघंच आहोत. ते विचारतायत, मराठी लोक कुठे आहेत."

फादरनी डोळे मिटले. "मग तुम्ही काय सांगितलंत, सायमन अंकल?"

"जे खरं ते सांगितलं! म्हटलं, नाताळ आहे ना आज, आमची माणसं चर्चमध्ये गेलीत. तिकडचं आटपलं, की येतीलच इकडे."