उकळलेलं पाणी

मुलगी बाळंतपणासाठी माझ्याकडे मुलुंडला आली तेव्हा तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बाईमाणूस नाही, म्हणून तिच्या सासूबाई जरा नाखूष होत्या. पण मुलीनं हट्ट धरला. "बाबा सगळं करेल," असं तिनं त्यांना सांगितलं, आणि मी खरंच सगळं करायचं ठरवलं. भांडुपच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचं काम केलेला माणूस मी. एखादी गोष्ट हातात घेतली की नियमानं करायची, ही सवय.

नात दोन महिन्यांची झाली आणि मुलीला ताप आला. त्या तापानंतर तिचं दूध कमी झालं. डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. बाटल्या माझ्याकडे आल्या.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतली महापालिकेची पाइपलाइन खोदकामात फुटली. पंधरा दिवस पाणी धड येणार नव्हतं. सोसायटीनं मागची जुनी बोअर टाकीला जोडली आणि फलकावर कागद लावला, 'पाणी उकळून प्यावे.' मी ते तंतोतंत पाळलं. लोक पाच मिनिटं उकळतात, मी वीस मिनिटं उकळायचो. पातेलं अर्ध्यावर यायचं. मग गाळून, झाकून, निववून त्यात दूध कालवायचं. बाहेरून बाटलीबंद पाणी आणावं असं एकदा मुलगी म्हणाली. मी म्हणालो, "त्या बाटल्यांत काय भरलंय कोण बघायला गेलंय? हे माझ्या डोळ्यांसमोर उकळलेलं आहे."

आठव्या दिवशी दुपारी नातीला न्हाऊमाखू घालून दुपट्यात गुंडाळत होतो. तिचे ओठ मला वेगळे दिसले. निळे म्हणावेत तर निळे नव्हेत, पाटीच्या रंगाकडे झुकलेले. मी मुलीला हाक मारली.

"थंडी वाजली असेल," ती म्हणाली.

आम्ही तिला उबेत घेतलं. पंधरा मिनिटांनी नखंही तशीच झाली. सकाळपासून ती दूध अर्धवट टाकत होती, हे मला तेव्हा आठवलं. आता ती रडतही नव्हती. एरवी अंघोळीनंतर घर डोक्यावर घेणारी पोरगी नुसती डोळे अर्धे मिटून पडून होती.

रिक्षानं आम्ही जवळच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा पंच्याऐंशी. नाकाशी ऑक्सिजन धरला. दहा मिनिटं आम्ही तिघंही त्या आकड्याकडे बघत होतो. पंच्याऐंशीच.  डॉक्टरांनी सरळ फोन उचलून मोठ्या हॉस्पिटलला कळवलं आणि आमच्यासाठी गाडी मागवली.

तिथं पहिला संशय हृदयाचा. छातीची तपासणी झाली, हृदय चांगलं निघालं. फुप्फुसं स्वच्छ. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, बसायला तयार नव्हती. जावई अंधेरीच्या ऑफिसातून निघाला होता, दर पाच मिनिटांनी फोन करत होता आणि त्याला सांगण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. मी शेजारी उभा होतो. सुईत जे आलं ते लाल नव्हतं. तपकिरी होतं, कोको कालवल्यासारखं. बाईंनी एक थेंब पांढऱ्या कापडावर टाकला आणि हवेत हलवत राहिल्या. हवा लागूनही थेंब लाल झाला नाही, तपकिरीच राहिला. त्या माझ्याकडे वळल्या.

"काका, बाळाला दूध कोण बनवतं?"

"मी."

"पाणी कुठलं?"

"बोअरचं. पण उकळलेलं. वीस मिनिटं."

 "उकळल्यानं जंतू मरतात, काका. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते मागे उरतं. इतक्या लहान बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं. ते रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन पोचवू शकत नाही. वरून कितीही दिला तरी."

म्हणजे जितकं जास्त उकळलं तितकं वाईट. हे त्यांनी म्हटलं नाही. मला कळलं.

यावर औषध होतं, शिरेतून द्यायचं, निळ्या रंगाचं. पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या दुकानात ते शिल्लक नव्हतं. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात असल्याचं फोनवर कळलं आणि वाटेत असलेल्या जावयाला तिकडे वळवलं. ते वाट पाहणं पाऊण तासाचं होतं.

त्या पाऊण तासात मला एकदम आमच्या इमारतीतली दुसरी बाळं आठवली. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला, बोअरचं पाणी बाळांना देऊ नका असं सगळ्यांना कळवा म्हणालो.

"काका, पाणी तपासून रिपोर्ट तर येऊ दे," ते म्हणाले. "उगाच घबराट होईल ना."

"माझी नात इथं काळी पडलीय. रिपोर्टची वाट कसली बघताय?"

ते "बघतो" म्हणाले. मी थांबलो नाही. वॉचमनला फोन करून सांगितलं, प्रत्येक मजल्यावर जा, बेल वाजव आणि सांग, लहान मुलांना हे पाणी द्यायचं नाही, उकळून तर अजिबात नाही. तो बिचारा सात मजले चढला. पाचव्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ होतं. आईच्या दुधावर होतं, म्हणून बचावलं.

जावई धावत आला. औषध हळूहळू सोडलं गेलं. मी ओठांकडे बघायचं टाळून छताकडे बघत होतो. मुलीनं माझं मनगट धरलं तेव्हा खाली पाहिलं. राखाडी रंग कडेनं विरत होता. तासाभरात ओठ गुलाबी झाले, आणि नातीनं जो टाहो फोडला तो ऐकून नर्सही हसली. रात्री तिनं शू केली तेव्हा दुपटं हिरवट निळं झालं. ते औषधाचंच, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या सासूबाईंचा फोन आला. मुलीनं स्पीकर चालू ठेवला होता. "पाणी कोण उकळत होतं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. त्याआधी मुलगी म्हणाली, "आम्ही."

एवढंच. तिनं मला त्या दिवशीही काही विचारलं नाही आणि नंतरही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं.

महिनाभरानं पाण्याचा रिपोर्ट आला. नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर होतं. बोअरच्या जागी पूर्वी म्हशींचा तबेला होता, हे एका जुन्या रहिवाशानं मग सांगितलं. कित्येक वर्षांचं शेण-मूत जमिनीत झिरपून पाण्यात उतरलं होतं. पाणी दिसायला नितळ, वासही नाही, चव तर चांगली. बोअर कायमची बंद झाली. सेक्रेटरी घरी येऊन बसले, चहा घेतला, आणि "तुमचं बरोबर होतं" असं खाली मान घालून म्हणाले.

नात आता पहिलीत आहे. दिवसभर तोंड चालू असतं. तिला यातलं काही माहीत नाही. झोपलेली असली की मी अजूनही जवळ जाऊन तिची नखं बघतो. मुलगी बघते, पण हटकत नाही.