गुलेलवाले साडूभाऊ

माझ्या साडूंइतका गुलेलीचा नादी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत असे, आणि माझं विधान खोडून काढायला कोणीही पुढे येत नसे. ते खरं होतं, निदान मला तसं वाटे, हे याचं एक कारण. दुसरं कारण असं, की या विषयात जिल्ह्याला काडीचाही रस नाही. गुलेल म्हणजे तीच, जिला पुण्याकडचे लोक गलोल म्हणतात. झाडाच्या फांदीचं बेचकं, रबराच्या दोन पट्ट्या आणि मधे चामड्याचा तुकडा. लहानपणी ती सगळ्यांच्याच हातात येते आणि मिसरूड फुटायच्या आत सुटते. साडूंची सुटली नाही. खामगावात एका सरकारी कचेरीत त्यांनी सारी नोकरी कारकुनीत काढली, केस पांढरे केले, दोन मुलींची लग्नं लावली, पण पँटच्या मागच्या खिशात गुलेल ती आहेच. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचं यांच्याशी ठरलं तेव्हा सासऱ्यांना कोणीतरी खात्री दिली होती की मुलगा निर्व्यसनी आहे, सुपारीसुद्धा खात नाही. ते खरंच होतं. फक्त सप्तपदीच्या वेळी नवरदेवाच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला का दिसतो, हे कोणी विचारलं नाही.

साडूंबरोबर कुठेही जायचं म्हणजे झाडं बघत जायचं. आमच्या बुलढाण्याहून खामगावची एसटी बोथ्याच्या जंगलातून घाट उतरते. माझ्यासारखी साधी माणसं तिथे एखादं हरीण दिसतंय का ते बघतात. साडू खिडकीची जागा धरून बेचकी बघतात आणि एखादं मनासारखं मागे पडलं की मुलीची पाठवणी केल्यासारखा निःश्वास सोडतात. एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही हिवरा आश्रमाच्या बाजूला गेलो होतो. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, प्रश्नोत्तरं झाली, आणि एवढा वेळ साडू दारातून अंगणातल्या पेरूच्या एका फांदीकडे टक लावून बसलेले. मुलीच्या वडिलांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "काय, कशी वाटली?" साडू तंद्रीतच म्हणाले, "लय चांगली आहे. पण अजून एखादं वर्ष वाढू द्या." मुलगी एम.एस्सी. झालेली होती. खोलीत जी शांतता पसरली ती मोडायला मला अर्धा तास बोलावं लागलं. तरी लग्न झालं, चांगलं धूमधडाक्यात झालं, आणि पुढच्या दिवाळीला व्याह्यांनी मिठाईबरोबर ते पेरूचं बेचकंही पाठवलं. त्याला कापडात गुंडाळून आणलं होतं, हे विशेष.

रबराच्या बाबतीत त्यांचं मत असं, की ट्यूबलेस टायर आल्यापासून देशाचं फार नुकसान झालं. सायकलवाल्याच्या दुकानात जुन्या ट्यूबा ताणून, कानाशी नेऊन, सोडून ते अशा चिकित्सेनं निवडतात की शेजारी पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक हा माणूस वाद्यं बनवतो असंच समजतं. आणि गोळ्या. कुठलाही खडा उचलून मारणं त्यांना पटत नाही. काळी माती चाळून, भिजवून, तळहातावर वळून ते गोळ्या करतात आणि उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घालतात. त्याच गच्चीवर अक्काचे सांडगेही वाळत असतात. एका मे महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला बसलो आणि सांडग्यांच्या भाजीत दाताखाली असं काही आलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अक्कानं शांतपणे वाटी पुढे केली आणि म्हणाली, "ते तुमच्या साडूभाऊंचं आहे. यात ठेवा, फेकू नका. मग ते शोधत बसतात."

पण एक गोष्ट मी कुठेही मान ताठ करून सांगतो. या माणसानं आयुष्यात पाखरावर गुलेल धरलेली नाही. देऊळघाटला माझं थोडं शेत आहे. एका वर्षी ज्वारी हुरड्यात आली आणि पोपटांनी ती लुटायला घेतली. मला वाटलं, घरात एवढा नेमबाज असताना आपण का सोसायचं? मी साडूंना बोलावून घेतलं. ते आले, माचाणावर चढले, वर हिरवागार थवा बघितला आणि खाली उतरून मला तेलाचा रिकामा डबा मागितला. तो त्यांनी शेताच्या पलीकडे बाभळीला टांगला आणि माचाणावरून त्यालाच गोळी मारायला सुरुवात केली. असा दणाणा उठला की पोपटच काय, शेजारच्या शेतातले सालदार गडीही उठून उभे राहिले. दिवसभर पाखरू फिरकलं नाही. मी म्हटलं, एखादा पोपट पाडला असता तर बाकीचे आपोआप धडा शिकले असते. साडू म्हणाले, "भाऊ, पाखरानं काही माझ्याशी पैज लावली नाही."

अशा माणसाच्या मागे खरं तर खामगावनं रांग लावायला हवी होती. पण या खेळाचं नशीबच खोटं. पोरांनी हातात घेतली तर आया ओरडतात की कोणाचा डोळा फुटेल, आणि मोठ्यांनी घेतली तर लोक म्हणतात याचं डोकं फिरलं. साडूंना दोन्ही गोष्टी मान्य नव्हत्या. त्यांचं म्हणणं, बंदुकीला परवाना लागतो, धनुष्याला ऐपत लागते, गुलेलीला फक्त थंड डोकं लागतं, आणि ते सगळ्यांना फुकट मिळालेलं आहे. म्हणून त्यांनी घराच्या ओसरीवर गुलेल मंडळाची सभा बोलावली. अक्कानं मोठं पातेलं भरून चहा केला. सभेला माझ्याखेरीज दोघे आले. एकाला वाटलं होतं की इथे योगासनं शिकवतात. दुसऱ्याला आपल्या गच्चीवरची वानरं हाकलून हवी होती. साडूंनी दोघांनाही आस्थेनं चहा पाजला, गुलेलीचा इतिहास सांगितला आणि निरोप दिला. उरलेला चहा आम्ही संध्याकाळपर्यंत पीत होतो.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. साडूंनी स्पर्धा भरवायची ठरवली. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि त्यांच्या मनानं घेतलं होतं की त्याआधी या खेळाची एक तरी स्पर्धा झालीच पाहिजे. परवानगीसाठी ते पोलीस ठाण्यात गेले. अर्ज वाचून तिथल्या साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "दगडफेक थांबवता थांबवता आम्ही बेजार, आन तुम्ही तिची परवानगी मागून राह्यले?" खासगी जागेत, कुंपणाच्या आत काय ते करा, एवढ्यावर प्रकरण मिटलं. मग जागेचा शोध. शेवटी कापसाचे जुने अडते हाजीसाहेब यांनी आपल्या बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार दिलं. हाजीसाहेब म्हणजे पांढरी दाढी, पांढरा सदरा आणि बाजारात ज्यांना हसताना कोणी पाहिलं नाही अशी कीर्ती. कशासाठी जागा हवी हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि चावी काढून दिली. बाकी कोणी मोठा माणूस या असल्या कार्यक्रमाला यायला तयार नव्हता, म्हणून प्रमुख पाहुणेही तेच ठरले.

स्पर्धेच्या सकाळी आवारातल्या निंबाला साडूंनी डब्यांची झाकणं दोऱ्यांनी टांगली होती. जवळच्या फांदीवर तेलाच्या डब्याचं, त्यामागे चहाच्या डब्याचं, आणि पार टोकाच्या फांदीवर हिंगाच्या डबीचं, जे मला तर दिसतही नव्हतं. स्पर्धक म्हणून स्वतः साडू, मी, आणि साडूंचे एक शेजारी, जे केवळ भिडेखातर आले होते. प्रेक्षक म्हणजे अक्का आणि तिच्या भजनी मंडळातल्या बायका. टेबलावर चकचकीत ढाल ठेवलेली. ती कोणाला मिळणार याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. मला तर आनंदच वाटत होता की इतक्या वर्षांच्या थट्टेनंतर या माणसाच्या हातात काहीतरी पडेल. साडूंनी नियम वाचून दाखवले. त्यात पहिला नियम होता की स्पर्धा सर्वांना खुली आहे. मग त्यांनी फीत बांधलेली गुलेल हाजीसाहेबांच्या हातात दिली आणि उद्घाटनाची एक गोळी मारायची विनंती केली.

हाजीसाहेबांनी गुलेल उलटीपालटी करून पाहिली. रबर ताणून पाहिलं. चप्पल काढली. मग ते निंबाकडे एक खांदा करून असे उभे राहिले की साडूंचा चेहराच बदलला, कारण तसं उभं राहणं शिकवून येत नाही. टण् करून तेलाच्या डब्याचं झाकण गरगर फिरलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हाजीसाहेबांनी नुसता हात पुढे केला आणि साडूंनी त्यावर दुसरी गोळी ठेवली. चहाचं झाकण वाजलं. तिसऱ्या गोळीला त्यांनी हिंगाच्या डबीचं ते नखाएवढं झाकण फांदीसकट हलवलं. साडूंना स्वतःला ते दहादा मारून एखाद्या वेळी लागायचं.

शेजाऱ्यांनी पटकन सांगून टाकलं की पाहुण्यांच्या गोळ्या मोजायच्या नसतात, ते उद्घाटन होतं. अक्कानंही मान हलवली. स्वतः हाजीसाहेब ओशाळून गुलेल टेबलावर ठेवत म्हणाले की मी फक्त फीत सोडायला आलो होतो. वाट मोकळी होती. साडूंनी नुसतं हसून पुढचं नाव पुकारलं असतं तर ढाल त्यांच्या घरी गेली असती, आणि आम्ही कोणीही, कधीही, त्याबद्दल बोललो नसतो. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी हातातला नियमांचा कागद घडी करून खिशात ठेवला, गुलेल उचलली आणि ती दोन्ही हातांनी हाजीसाहेबांपुढे धरली.

"नाही हाजीसाहेब," ते म्हणाले. "स्पर्धा सर्वांले खुली आहे. मारा."

मग जी स्पर्धा झाली तिला स्पर्धा म्हणतात. मी आणि शेजारी पहिल्याच फेरीत बाद झालो आणि सावलीत जाऊन बसलो. ते दोघं मात्र ऊन डोक्यावर येईपर्यंत मारत होते. भजनी मंडळाच्या बायका स्वयंपाक विसरल्या. साडू त्या दिवशी जसे खेळले तसे मी त्यांना आधी किंवा नंतर पाहिलं नाही, आणि तरीही हाजीसाहेब जिंकले. बक्षीस प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते द्यायचं होतं आणि जिंकले होते प्रमुख पाहुणेच, तेव्हा साडूंनीच त्यांना ढाल दिली, हार घातला आणि दुसऱ्या क्रमांकावर स्वतःचं नाव मोठ्यानं पुकारलं. हाजीसाहेब हसले. बाजाराला सांगून पटलं नसतं, पण आम्ही ते पाहिलं.

चहा पिताना हाजीसाहेबांनी सांगितलं, की लहानपणी जिनिंगच्या याच आवारात ते दिवसदिवस गुलेल मारत. पुढे वडिलांनी गादीवर बसवलं, दाढी आली, मान मिळाला, मग हे बोलायचं तरी कोणापाशी? घरी परतताना साडू सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटत असेल, म्हणून मी समजुतीचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"भाऊ, इतके वर्षं मले वाटे, हे वेड असलेला मी एकटाच आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी माझ्या साडूंची ओळख करून देताना जिल्ह्यात दुसरे असं सांगतो, आणि ते दुसरे आहेत याचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा ते पहिले असते तर वाटला नसता. स्पर्धा पुन्हा झाली नाही. मंडळाचे सभासद दोनच राहिले. पण दर रविवारी सकाळी जिनिंगच्या आवारात दोघं जमायचे, हाजीसाहेबांच्या घरून नानखटाई यायची आणि साडूंकडून अक्काचे तळलेले सांडगे, जे हाजीसाहेब आधी बोटानं दाबून बघत आणि मगच तोंडात टाकत.

गेल्या काही वर्षांत हाजीसाहेबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला आणि नजर गेली. तरी त्यांनी यायचं सोडलं नाही. मुलगा गाडीनं आणून सोडतो. निंबाखाली त्यांची खुर्ची असते. साडू मारतात आणि ते ऐकतात. झाकण कसं वाजलं यावरून गोळी मधे लागली की कडेला, हे ते सांगतात, आणि साडू ते निमूटपणे मान्य करतात. साडूंचाही उजवा खांदा आता धरतो. पूर्वीसारखं रबर कानापर्यंत येत नाही.

या थंडीत मी खामगावला गेलो होतो, तेव्हा रविवारी साडूंबरोबर आवारात गेलो. कोवळं ऊन पडलं होतं. हाजीसाहेबांनी माझा आवाज ओळखला, बायकोची, शेताची चौकशी केली. मग साडू उभे राहिले, हिंगाच्या डबीकडे पाहून त्यांनी बराच वेळ नेम धरला, आणि सोडलं. झाकण वाजलं नाही. गोळी पलीकडच्या भिंतीवर आपटून फुटली. साडू गुलेलीकडे बघत उभे राहिले.

खुर्चीतून हाजीसाहेब म्हणाले, "हवा थी, बाबू."

मी वर पाहिलं. निंबाचं पानही हलत नव्हतं.

"हाव हाजीसाहेब," साडू म्हणाले, "होती जराशी."

हाजीसाहेबांनी मान माझ्याकडे वळवली आणि ते थांबले. मीही म्हणालो, होती.